वाचकांचे प्रश्न : बफीला एंजल शोभतो की स्पाइक?

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकी मालिकेविषयी आलेल्या एका प्रश्नाला मागील अंकात उत्तर देताना, नायिकेच्या दोन व्हॅम्पायर प्रियकरांपैकी स्पाइक मला तिला अधिक शोभणारा वाटतो, असे एक वाक्य मी ओघात लिहिले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा, असे ठरले. पत्रे संक्षिप्त करून देत आहे; त्यांतला राग मात्र शक्य तितका तसाच ठेवला आहे.

प्रश्न : माझी मोठी बहीण एंजलच्या बाजूची आणि मी स्पाइकच्या. तिचे म्हणणे असे, की पहिले प्रेम ते पहिले प्रेम, त्यानंतरची सगळी तडजोड. आपण कोणत्या निकषावर स्पाइकला झुकते माप दिलेत, ते सविस्तर सांगाल का? मालिका न पाहिलेल्या आमच्या आईलाही समजेल असे लिहावे, कारण निवाडा शेवटी तीच करणार आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या आईसाठी आधी थोडी ओळख करून देते. ही मालिका 10 मार्च 1997 रोजी सुरू झाली आणि सात पर्वे व 144 भाग होऊन 20 मे 2003 रोजी संपली. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावाखाली नरकाचे एक तोंड आहे, आणि त्या गावात शिकायला आलेली बफी समर्स ही ‘स्लेयर’ आहे, म्हणजे व्हॅम्पायरांचा आणि इतर पिशाच्चांचा संहार करण्यासाठी नियतीने निवडलेली मुलगी. ही भूमिका साराह मिशेल गेलरने केली.

डेव्हिड बोरियानाझने साकारलेला एंजल हा मूळचा आयर्लंडमधील गॉलवेचा. 1753 साली तो व्हॅम्पायर झाला आणि ‘एंजलस’ या नावाने त्याने जवळजवळ दीड शतक असे क्रौर्य केले, की इतर व्हॅम्पायरही त्याला वचकून असत. 1898 मध्ये एका रोमानी टोळीतल्या मुलीला मारल्याबद्दल त्या टोळीने त्याला शाप म्हणून त्याचा आत्मा परत दिला, जेणेकरून केलेल्या प्रत्येक पापाची टोचणी त्याला अखंड लागून राहावी. या शापाला एक पोटकलम होते : परिपूर्ण सुखाचा एक क्षण जरी वाट्याला आला, तरी आत्मा पुन्हा निघून जाणार. जेम्स मार्स्टर्सचा स्पाइक हा लंडनचा, मूळ नाव विल्यम, आईच्या पदराला धरून राहिलेला आणि अतिशय सुमार कविता करणारा भिडस्त तरुण. 1880 मध्ये ड्रुसिला नावाच्या व्हॅम्पायर स्त्रीने त्याला आपल्यासारखे केले. ड्रुसिलाला व्हॅम्पायर करणारा एंजलच असल्यामुळे वंशावळ मांडली तर एंजल हा स्पाइकचा आजोबा ठरतो, आणि दोघांमधली खुन्नस बरीचशी घरगुती का वाटते, याचा उलगडा तिथे होतो. (मार्स्टर्स इंग्रज आहे असे अनेकांना वाटते. तो कॅलिफोर्नियाचाच आहे.)

आता निकष. बफीच्या आयुष्यात तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. तिने काय करावे हे नियती ठरवते, स्लेयरांवर देखरेख ठेवणारी इंग्लंडमधील वॉचर्स कौन्सिल ही संस्था ठरवते, शाळेचा मुख्याध्यापक ठरवतो आणि उरलेसुरले आई ठरवते. अशा मुलीला शोभणारा जोडीदार शोधायचा, तर तो तिच्यावर किती प्रेम करतो हे मी मोजत बसत नाही, कारण प्रेमात दोघेही आकंठ बुडालेले आहेत. तिच्याविषयीचा निर्णय तो तिच्या हाती ठेवतो की नाही आणि तिचे खरे रूप, त्यातल्या काळ्या बाजूसकट, त्याला पाहवते की नाही, एवढेच मी पाहते. या दोन्ही कसोट्यांवर एंजल पुन्हा पुन्हा कमी पडतो आणि शेवटच्या पर्वातला स्पाइक उतरतो. ‘शेवटच्या पर्वातला’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले आहेत. पुढच्या एका पत्राच्या उत्तरात त्यांचा हिशेब द्यावाच लागणार आहे.

आपल्या बहिणीचा मुद्दा मात्र हलका नाही. पहिल्याच भागात एंजल बफीला चांदीचा एक क्रॉस देतो. तो कोण आहे हे तेव्हा तिला ठाऊक नसते. सातव्या भागात ते कळते, आणि त्या भागाच्या अखेरीस दोघे निरोपाचे चुंबन घेतात तेव्हा तिच्या गळ्यातला तोच क्रॉस त्याच्या छातीवर टेकलेला असतो. ती वळून निघून जाते आणि कॅमेरा त्याच्या छातीवर उमटलेला भाजल्याचा डाग दाखवतो. इतका वेळ तो हूं की चूं न करता उभा होता. किशोरवयातल्या पहिल्या प्रेमाचे इतके नेमके चित्र त्या काळच्या दूरचित्रवाणीवर मी दुसरे पाहिलेले नाही. पहिले प्रेम म्हणून एंजलला तोड नाही, हे मी एका दमात मान्य करते. पण बहीण ज्याला तडजोड म्हणते, त्यात बफी सोळा वर्षांची राहिलेली नाही, एवढाच काय तो फरक आहे, आणि सोळाव्या वर्षी जो शोभला तोच बाविसाव्या वर्षीही शोभावा, असा नियम मला तरी माहीत नाही.

प्रश्न : एंजलने बफीच्या सुखासाठी बफीलाच सोडले. स्वतःचे मनुष्यपण सोडले. याहून मोठा त्याग कोणता? ज्याला हवे ते मिळेपर्यंत दारात उभा राहून सिगारेटी फुंकणारा स्पाइक आपल्याला श्रेष्ठ वाटतो, याचे मला आश्चर्य वाटते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सिगारेटी फुंकतो हे खरे, बफीच्या घराबाहेरच्या झाडाखाली त्याच्या थोटकांचा ढीग सापडतो. पण आपण ज्या दोन त्यागांचा उल्लेख केला आहे, ते जरा जवळून पाहू.

पहिला तिसऱ्या पर्वातला, ‘द प्रॉम’ या भागातला. बफीची आई जॉयस एंजलला भेटते आणि सांगते, की माझी मुलगी लहान आहे, ती प्रेमात आंधळी झाली आहे, तेव्हा कठीण निर्णय तुलाच घ्यावा लागेल. आई म्हणून तिचे काहीच चुकलेले नाही. एंजलने काय करावे? बफीकडे जाऊन, तुझी आई आली होती, तिने असे सांगितले, तुझे काय म्हणणे आहे, एवढे तरी विचारावे. तो विचारत नाही. व्हॅम्पायर शोधत गटारातून फिरत असताना, गुडघाभर घाणीत उभा राहून, तो तिला संबंध संपल्याचे कळवतो. त्याची कारणे सगळी खरी आहेत : त्याला उन्हात जाता येत नाही, मुले होणार नाहीत, आणि शापामुळे साधा संसारही धोक्याचा. परंतु ही कारणे बफीला त्याच्याइतकीच ठाऊक होती, आणि त्यांवर विचार करण्याचा हक्क तिचाही होता. नंतर तो शाळेच्या नृत्यसमारंभाला (म्हणजे ‘प्रॉम’ला) येतो, काळा सूट घालून तिच्याबरोबर नाचतो, आणि त्या नाचाने आपण सगळे पाघळतो, मीसुद्धा पाघळते. तरी निर्णय त्याने एकट्याने घेतला होता, हे त्यामुळे बदलत नाही.

दुसरा त्याग ‘एंजल’ या त्याच्या स्वतंत्र मालिकेतला, नोव्हेंबर 1999 मधला. त्याच्या आदल्याच प्रसंगात तो सनीडेलला गुपचूप येऊन बफीचे रक्षण करून गेलेला असतो. तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींना तो आल्याचे कळते, तिला तेवढे कळत नाही. याचा जाब विचारायला ती लॉस एंजलिसला जाते. तिथे एका राक्षसाचे रक्त मिसळल्यामुळे एंजल अकस्मात माणूस होतो, त्याला ऊन सोसते, भूक लागते, आणि दोघांना एक अख्खा दिवस मिळतो. मग आपण दुबळे झालो आहोत आणि त्यामुळे बफीचा जीव जाईल, असे त्याच्या मनाने घेते. तो एकटा जाऊन दैवी शक्तींशी बोलणी करतो आणि तो दिवस घडलाच नाही, असे करवून घेतो. बफीला हे कधी कळते? सगळे ठरून गेल्यावर, शेवटचा एक मिनिट उरलेला असताना. ती रडत सांगत राहते की मी विसरणार नाही, आणि घड्याळाचा काटा सरकताच ती सारे विसरते. आठवण फक्त त्याच्यापाशी उरते.

हा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी डोळे भरून येतात, आणि प्रत्येक वेळी मला रागही येतो. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस पुसून टाकायचा की ठेवायचा, हे त्या मुलीला कोणी विचारलेच नाही. त्यागाला मी कमी लेखत नाही. परंतु दुसऱ्याच्या वाटणीची वस्तूही आपल्या त्यागात घालून टाकायची, याला मी सोबत म्हणणार नाही.

या उलट एक छोटा प्रसंग आठवून पाहा. तिसऱ्या पर्वात ड्रुसिला सोडून गेल्यामुळे दारू पिऊन सनीडेलला परतलेला स्पाइक बफी आणि एंजल या दोघांना तोंडावर सांगतो, की तुम्ही मित्र आहात हे सोंग बंद करा, तुम्ही कधीच मित्र होऊ शकणार नाही. तेव्हा तो तिच्या प्रेमात नाही, उलट शत्रू आहे. सगळे हितचिंतक आडपडदा ठेवून बोलत असताना शत्रूने सरळ सांगितले, आणि त्या भागाच्या शेवटी बफीच एंजलला कबूल करते, की जगाला फसवता येईल, स्वतःला आणि स्पाइकला नाही. पुढच्या सगळ्याचे बी मला तिथे दिसते.

प्रश्न : वयाबद्दल कोणीच बोलत नाही. अडीचशे वर्षांचा पुरुष आणि सोळा वर्षांची शाळकरी मुलगी, हे आपल्याला खटकत नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खटकते, आणि आता पूर्वीपेक्षा अधिक खटकते. एंजलने बफीला प्रथम पाहिले तेव्हा ती शाळेच्या पायऱ्यांवर लॉलीपॉप घेऊन बसलेली होती, हे मालिका स्वतःच दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस दाखवते. व्हॅम्पायरांच्या गोष्टींत वय ही सोयीने विसरायची बाब असते. स्पाइकही शंभरी ओलांडलेलाच आहे, पण त्याच्याशी नाते जुळते तेव्हा बफी वीस वर्षांची सज्ञान स्त्री असते आणि आईमागे घर चालवत असते. हा मुद्दा स्पाइकच्या खात्यात जमा होतो, जरी त्यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व काही नाही.

प्रश्न : सहाव्या पर्वात स्पाइकने बफीवर बलात्काराचा प्रयत्न केला, हे आपण विसरलात की सोयीस्कर बाजूला ठेवलेत? एका स्त्रीने चालवलेल्या स्तंभात त्याचे समर्थन वाचून मला धक्का बसला. माझ्या दृष्टीने चर्चा तिथेच संपते.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : विसरलेले नाही, आणि आपल्या दृष्टीने चर्चा तिथे संपत असेल, तर त्या भूमिकेचा मी आदर करते. ती भूमिका घेणाऱ्या प्रेक्षकाला समजावून आपल्या बाजूला आणावे, असा प्रयत्न मी करणार नाही.

न पाहिलेल्यांसाठी सांगते. सहाव्या पर्वात बफीला तिच्या मित्रांनी मंत्राने मृत्यूतून परत आणले आहे. ती घरी येते तेव्हा जिन्यावरून उतरणाऱ्या बफीचे रक्ताळलेले हात प्रथम स्पाइकला दिसतात, आणि ते कशाने रक्ताळले हे त्यालाच कळते, कारण शवपेटी आतून नखांनी फोडून बाहेर येण्याचा अनुभव त्यालाही आहे. ती गेल्यापासूनचे दिवस त्याने मोजलेले आहेत : 147, आणि आजचा धरून 148. मित्रांना वाटते की आपण तिला नरकातून सोडवले. ती स्वर्गात होती आणि तिथून ओढून आणली गेली, हे ती फक्त स्पाइकला सांगते. इथपर्यंत त्याच्याइतके जवळचे तिला कोणी नाही. पण पुढे त्या जवळिकीचे जे नाते होते, ते दोघांनाही पोखरणारे आहे : ती त्याला वापरते, त्याचा तिरस्कार करते, एकदा गल्लीत त्याला रक्तबंबाळ होईपर्यंत मारते, तो तिला सांगत राहतो, की तुझी जागा अंधारातच आहे. ती संबंध तोडते. आणि मे 2002 मध्ये दाखवलेल्या ‘सीइंग रेड’ या भागात तो तिच्या न्हाणीघरात शिरून, ती स्पष्टपणे नाही म्हणत असताना तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती त्याला लाथेने दूर फेकते म्हणून तो थांबतो. मार्स्टर्सने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे, की हे दृश्य करणे त्याच्यासाठी अत्यंत क्लेशदायक होते.

बफीनेही त्याला मारले होते, म्हणून फिटंफाट झाली, असे म्हणणारे चाहते आहेत. मी त्यांच्यात नाही. त्या दिवसापर्यंतचा स्पाइक बफीला शोभत नाही, शोभणे तर दूर, तो तिच्या आसपास असणेही धोक्याचे आहे, यात मला शंका नाही. तरीही माझे मत त्याच्या बाजूला पडते, ते नंतरच्या वर्षभरात मालिकेने काय केले, त्यामुळे. आपण राक्षस आहोत हे त्या रात्री त्याला कळते, तो आफ्रिकेत जातो, परीक्षा देतो आणि आत्मा मागून घेतो. परत आल्यावर तो क्षमा मागायला तिच्या दारात उभा राहत नाही; शाळेच्या तळघरात वेड्यासारखा बडबडत पडून असतो. एका रात्री रिकाम्या चर्चमध्ये तो बफीला सांगून टाकतो, की आत्मा आणला आहे, आणि मग तिथल्या मोठ्या क्रॉसला मिठी मारून उभा राहतो. त्याच्या अंगातून धूर निघू लागतो. एंजलच्या छातीवरचा तो डाग आठवला की मला हे दृश्य हटकून आठवते : एकाने तिच्यासाठी भाजणे सोसले आणि तिला कळू दिले नाही, दुसरा स्वतःच्या अपराधासाठी भाजत होता आणि तिच्याकडून काही मागत नव्हता.

सातव्या पर्वात तो प्रसंग पुसला जात नाही, आणि विश्वास एका संवादात परत येत नाही. तो तिला हळूहळू वाटतो, ती तो स्वतःच्या इच्छेने ठेवते, आणि बाकी सगळे त्यावर नाराज असतात. शेवटाकडे तिचेच सहकारी तिला तिच्याच घरातून बाहेर काढतात. परक्याच्या रिकाम्या घरात ती पडून असते. स्पाइक तिथे येतो आणि सांगतो, की मी तुझे सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट दोन्ही पाहिले आहे, मला तुझ्याकडून काही नको. मग तो निघू लागतो. थांब, असे ती म्हणते. नुसते धरून ठेव, असेही तीच म्हणते. रात्रभर तो तिला धरून असतो, याहून अधिक काहीही घडत नाही, आणि सकाळी उठून ती लढाईला निघते. ज्याने तिचा नकार एकदा पायदळी तुडवला होता, त्याच्याच बाबतीत आता प्रत्येक पाऊल तिच्या शब्दाने पडते. लेखकांनी हे विचारपूर्वक केले आहे, असे मला वाटते. तेवढ्याने आपले समाधान होणार नाही, आणि ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नाही.

प्रश्न : रायली बिचारा कोणाच्याच हिशेबात का नसतो? तो तर माणूस होता.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रायली हा एंजलनंतरचा बफीचा प्रियकर. प्रश्न दोन व्हॅम्पायरांचा असल्यामुळे तो हिशेबात नसतो. शिवाय बफी आपल्याहून बलवान आहे आणि संकटात आपल्या खांद्यावर डोके ठेवून रडत नाही, हे त्याला सहन झाले नाही. आई आजारी असताना तो पैसे देऊन व्हॅम्पायरांकडून रक्त शोषवून घेऊ लागला आणि पकडला गेल्यावर बफीलाच मुदत घालून दिली. माणूस होता, हे खरे.

प्रश्न : एंजलला आत्मा शाप म्हणून मिळाला, स्पाइकने तो मागून घेतला. एवढा एकच मुद्दा वाद मिटवायला पुरेसा आहे, असे मला वाटते. आपण त्यावर अधिक भर का देत नाही?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण स्पाइकच्या चाहत्यांचा हा आवडता मुद्दा दिसतो तितका भक्कम नाही. आत्मा कसा मिळाला, यापेक्षा मिळाल्यावर त्याचे काय केले, हे मोठे आहे, आणि तिथे एंजलची बाजू वरचढ आहे. 1898 पासून त्याने जवळजवळ शंभर वर्षे कसलीही आशा नसताना काढली. अखेरीस तो न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत उंदरांच्या रक्तावर जगत होता. त्याने मागितलेला नसताना गळ्यात पडलेला पश्चात्ताप त्याने आपला मानला आणि लॉस एंजलिसमध्ये पाच पर्वे अनोळखी माणसांसाठी तो झगडला.

स्पाइकविषयी एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहिणाऱ्या आम्हा सर्वांना गैरसोयीची आहे, ती म्हणजे त्याचा काळा लेदर कोट. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने निकी वुड या स्लेयरला मारले आणि तिच्या अंगावरचा हा कोट काढून घेतला. आत्मा मिळाल्यानंतरही सातव्या पर्वात तो हाच कोट पुन्हा चढवतो. निकीचा मुलगा तोवर मोठा होऊन त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालेला आहे, तो सूड घ्यायला येतो, आणि स्पाइक त्याला जिवंत सोडतो, पण कोट उतरवत नाही, की मनापासून क्षमाही मागत नाही. एंजलने असे केले असते, असे मला वाटत नाही.

माझ्या मते आत्मा ही दोघांच्याही बाबतीत पात्रतेची पहिली अट आहे, तिच्यावर दोघांतली निवड ठरत नाही. आत्मा गेल्यावर एंजल काय होतो, हे आपण जानेवारी 1998 मध्ये पाहिले. सतराव्या वाढदिवशी बफी त्याच्यापाशी झोपते, त्या सुखाने शाप उलटतो, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी असे छद्मी बोलतो, की जणू काही घडलेच नाही. पुढे तो बफीच्या शिक्षिकेचा खून करून प्रेत त्या शिक्षिकेच्या प्रियकराच्या बिछान्यात, गुलाबाच्या पाकळ्या आणि संगीत अशी आरास करून ठेवतो. आत्मा नसतानाचा स्पाइकही बफीला साखळदंडांनी बांधून प्रेमाची कबुली मागणारा आहे. मात्र पाचव्या पर्वात ग्लोरी ही देवता त्याला हाल हाल करून विचारते, तरी बफीच्या धाकट्या बहिणीचे रहस्य तो सांगत नाही, कारण तिला काही झाले तर बफी ते सोसू शकणार नाही. आत्मा नसलेल्याकडून मालिकेच्या स्वतःच्याच नियमांप्रमाणे हे व्हायला नको होते. ‘मागून आणलेला आत्मा’ यापेक्षा मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

प्रश्न : आपण सगळे भांडतो आहोत, पण बफीने स्वतः कोणाला निवडले?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कोणालाच नाही. शेवटच्या भागात एंजल सनीडेलला येतो, एक मंतरलेले पदक आणतो आणि स्पाइकविषयी मत्सराने विचारतो. त्यावर बफी सांगते, की मी अजून भट्टीत न गेलेल्या बिस्किटाच्या कणकेसारखी आहे. पूर्ण भाजून निघेन तेव्हा कोणाबरोबर हे पाहीन, आणि तो दिवस दूर आहे. मग ती एंजलला परत पाठवते, कारण ही लढाई हरली तर लॉस एंजलिसला कोणीतरी उभे असायला हवे. तिने एंजलला सांगितलेला हा बहुधा पहिला निर्णय, जो तो मुकाट ऐकतो. पदक ती स्पाइकला देते.

नरकाचे तोंड बंद करताना ते पदक स्पाइकला जाळू लागते. बफी त्याचा हात धरून, माझे तुझ्यावर प्रेम आहे, असे सांगते. नाही, तुझे नाही, पण म्हणालीस त्याबद्दल आभार, असे तो उत्तर देतो आणि तिला पळायला लावतो. एंजलचे चाहते हे वाक्य पुरावा म्हणून दाखवतात : पाहा, त्यालाही माहीत होते. मला ते तसे वाटत नाही. तिने ते कृतज्ञतेपोटी म्हटले असेल किंवा मनापासून. त्याला मरताना स्वतःची समजूत घालून घ्यायची नव्हती, आणि तिच्यावर त्या शब्दांचे ओझेही ठेवायचे नव्हते. इथे एक आक्षेप माझ्यावरच घेता येतो, की तिच्या मनात काय आहे हे तिच्याऐवजी त्यानेच ठरवले, म्हणजे एंजलचाच दोष त्याच्यात आला. आक्षेप योग्य आहे, आणि मला त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

प्रश्न : माझी मैत्रीण एंजलची कट्टर समर्थक आहे आणि तिने फक्त पहिली तीन पर्वे पाहिली आहेत. तिचे मत बदलण्यासाठी कोणते भाग आणि कोणत्या क्रमाने दाखवावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तीनच पर्वे पाहिलेली व्यक्ती एंजलच्याच बाजूची असणार, त्यात तिचा दोष नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी आत्मा परत आलेल्या एंजलला, जग वाचवण्यासाठी, डोळे मिटायला सांगून बफी तलवारीने भोसकते, तो प्रसंग ताजा असताना तिच्याशी वाद घालू नका.

सुरुवात पाचव्या पर्वातील ‘फूल फॉर लव्ह’पासून करा. त्यात स्पाइक बंदूक घेऊन बफीला मारायला येतो, ती मागच्या पायरीवर आईच्या आजारपणाने रडत असते, आणि काय करावे न कळून तो शेजारी बसून तिच्या पाठीवर अवघडून थोपटतो. मग ‘इंटरव्हेन्शन’, नंतर सहाव्या पर्वातील ‘आफ्टर लाइफ’. ‘सीइंग रेड’ वगळू नका. ते लपवून मिळवलेले मत टिकणार नाही, आणि मैत्रिणीला नंतर कळले तर आपली मैत्रीही टिकणार नाही. ‘टच्ड’ हा, रात्रभर धरून ठेवण्याचा प्रसंग असलेला भाग त्यानंतरच दाखवा, आधी दाखवला तर त्याचा अर्थ हरवतो. शेवटी ‘एंजल’ मालिकेतला 2004 मधला ‘द गर्ल इन क्वेश्चन’ ठेवा. त्यात हे आजोबा-नातू बफीला गाठायला रोममध्ये धावाधाव करतात आणि ती तिसऱ्याच कोणाबरोबर क्लबात नाचताना दिसते. दोन्ही पक्षांना एकत्र हसता येईल, असा तो एकमेव भाग आहे. एवढे करूनही मैत्रीण एंजलचीच राहिली, तर तिलाच लिहायला सांगा. पत्र एका पानात बसवले, तर पुढच्या अंकात घेऊ.